भानुमती अम्मांच्या मृत्यूचा दाखला

वरच्या खोलीत भर दुपारी दात वाजतात, हे मी पुष्पाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती भेंडी चिरत होती. तिची सुरी थांबली नाही. "तुमचे सात उरलेत, ते सांभाळा आधी," एवढंच ती म्हणाली.

सात ही संख्या बरोबर आहे. वर तीन, खाली चार. मागे एका डॉक्टरांनी ते पाहून विचारलं होतं, "आप क्या पत्थर चबाते हैं?" मी हो म्हणालो होतो. नाही म्हटलं असतं तर बोलणं वाढलं असतं. माझा स्वभाव असा आहे. रेल्वेच्या वाचनालयात छत्तीस वर्षं मी 'कृपया शांतता राखा' या पाटीखाली बसलो. पाटी वाचकांसाठी होती, पण ती पाळली बहुधा मी एकट्यानेच. त्यामुळे आवाजांच्या बाबतीत माझा कान बरा असावा असं मला वाटतं, खात्री नाही.

झाशीतली मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली नाही त्याला भुतं रात्री फिरतात असं वाटतं. लक्ष्मी गेटपाशी आमची गल्ली बारा वाजता अशी ओस पडते की स्वतःचीच सावली पायाखाली येऊन दडते. लू वाहते, दारं आपोआप कण्हतात. मी खालच्या खोलीत आरामखुर्चीत पुस्तक उघडून डुलकी घेत असतो, आणि डुलकी लागते न लागते तोच तो आवाज येतो. कट्. कट्. मग जरा थांबून, करर्र. जणू कोणी तरी असं काही चावतंय जे तोंडात नाहीच.

आणि वर त्या वेळी कोणीही नसे. वरची खोली आम्ही बकुळला दिली होती. माझा जुना सहकारी शशिकांत गार्ड होता, त्याची भुसावळला बदली झाली आणि मुलगी इथे दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला राहिली. ती रोज सकाळी पांढरा कोट हातावर टाकून "येते, काकाजी" म्हणून समोरच्या दाराने जाई, ती संध्याकाळी परत येई. मराठी तिला समजतं सगळं. बोलताना मात्र ती अर्ध्या वाटेत हिंदीत उतरते.

तिसऱ्या दुपारी मी वर गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. आतल्या जिन्याचं दार पलीकडून कडी लावलेलं होतं. पण दारावर एक झरोका आहे. मी जिन्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेवर चढलो. या वयात ट्रंकेवर चढून तरुण मुलीच्या खोलीत डोकावणं हे कोणी पाहिलं असतं तर मी काय सांगणार होतो, हा विचार मला वर चढल्यावर आला. माझे बहुतेक विचार तेव्हाच येतात.

समोरच्या खिडकीच्या कट्ट्यावर एक जबडा होता. पितळी सांध्यात अडकवलेला, वरचा आणि खालचा, गुलाबी मेणात बसवलेले सगळे दात. सकाळी केर काढताना पुष्पाने तोच पाहिला होता आणि "हसरा आहे मेला" म्हणाली होती. आता मेण उन्हाने सैल झालं होतं. ओठांशिवाय असलेलं ते हसू एका बाजूने ओघळून रडवेलं झालं होतं. खोलीत माणूस दिसत नव्हतं. आणि आवाज येत होता. कट्. करर्र. मी बघत असताना पुढचा एक दात हळूच वाकला, जरा थांबला आणि कट्ट्यावर पडला. टक्.

माझे गुडघे जितक्या वेगाने उतरू देतात त्याच्या दुप्पट वेगाने मी खाली आलो.

संध्याकाळी बकुळ जेवायला खाली आली. जेवायला म्हणजे, ताटासमोर बसायला. अलीकडे ती वरणात बोट बुडवून बसून राही.

"बकुळ, ते खिडकीतले दात... कोणाचे?"

तिने वरणातलं बोट काढलं. मग म्हणाली, "चिरगावच्या भानुमती अम्मांचे. त्या आता नाहीत, काकाजी. गुजर गई."

हळूहळू जे कळलं ते असं. या कॉलेजांत परीक्षेला पेशंट मुलांनीच आणायचा असतो. आणि कवळीच्या परीक्षेला पूर्ण बोळक्या तोंडाचा माणूस लागतो. असा माणूस मिळणं हे स्थळ मिळण्यापेक्षा अवघड. मिळाला तर त्याला जपायचं, बसस्टँडवरून आणायचं, समोसा खाऊ घालायचा, मध्येच दुसरा विद्यार्थी त्याला पळवणार नाही हे पाहायचं. गेल्या वर्षी बकुळचा पेशंट परीक्षेच्या दिवशी आलाच नाही आणि तिचं वर्ष गेलं. यंदा तिने भानुमती अम्मांना शोधलं. सहा महिने त्या येत होत्या. शेवटच्या खेपेला जबड्याचं माप घ्यायला तोंडात भरलेला ओला मसाला घशाकडे सरकला, अम्मांचा जीव घाबरला, डोळे पांढरे झाले. त्यानंतर आठच दिवसांनी चिरगावहून फोन आला, अम्मा वारल्या.

"माझ्यामुळे," बकुळ म्हणाली. अगदी साध्या आवाजात, मीठ द्या म्हणावं तशी. "माझे हात काँपत होते त्या दिवशी. मी दोन रात्री झोपली नव्हती."

पुष्पा म्हणाली, "काही तरीच काय! म्हाताऱ्या माणसाला निमित्त लागतं."

"तेच ना, काकू. निमित्त मी."

तिने हात टेबलाखाली घेतले. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. हे वर्ष गेलं तर ही मुलगी पुन्हा उभी राहणार नाही, एवढं माझ्यासारख्या माणसालाही दिसत होतं.

आमच्या गल्लीत गुपित सांगावं लागत नाही. ते आपणच दाराबाहेर जाऊन बसतं. दुसऱ्या दिवशी विमलाबाई आल्या. त्यांचं घराणं झाशीत सात पिढ्यांचं, त्यामुळे शहरातल्या भुतांशी त्यांची ओळख आमच्यापेक्षा जुनी.

"दिवाकरराव, दात तयार झाले आणि घालणारी गेली. तिचा जीव त्यात राहणारच," त्या म्हणाल्या. "जन्मभर फुटाणे बघत बसली असेल बिचारी. ती येते, ते दात लावून बघते आणि जाते. बाराला येते ना?"

"साडेबारा," मी म्हणालो. खोटं कशाला बोला.

"उन्हातून यायचं म्हणजे वेळ लागणारच. तुम्ही असं करा, दात तिच्या घरी पोचते करा. मूठभर फुटाण्यांसकट."

शेजारचे रघुनाथजी निवृत्त तिकीट तपासनीस. त्यांची आणि आमची भिंत एक. ते जिन्याखाली उभे राहून वर कान देऊन म्हणाले, "भाईसाहब, ये सब टेंशन है. भूत-वूत कुछ नहीं. हमें देखिए, हम टेंशन लेते ही नहीं. दोपहर को खाया, पंखा चलाया, घोड़े बेचकर सो गए." मग जाता जाता वळून, "वैसे नींबू टाँग दीजिए."

मी माझ्या पद्धतीप्रमाणे पुस्तकांत शोधलं. मनाच्या आरोग्यावरच्या एका जाड पुस्तकात लिहिलं होतं की खचलेल्या माणसाला छोटं, पूर्ण होण्यासारखं काम द्यावं. बकुळला काम देण्यात अर्थ नव्हता, तिला कामानेच खाल्लं होतं. तेव्हा छोटं काम मी घ्यायचं ठरवलं. बकुळच्या विभागाचा नियम असा होता की जुन्या पेशंटची फाइल बंद झाल्याशिवाय परीक्षेसाठी नवा पेशंट नोंदवता येत नाही. फाइल बंद करून आणायची, बस. एक शिक्का. मी पांढरा सदरा घालून कॉलेजात गेलो.

खिडकीमागचा बाबू माझ्याकडे न बघता म्हणाला, "मरीज से क्या रिश्ता?"

मी फार विचार केला. "दाँतों की तरफ से," मी म्हणालो.

तेव्हा त्याने वर पाहिलं. "मृत्यु प्रमाण-पत्र लाए?"

"नहीं. पर वो मर चुकी हैं."

"प्रमाण-पत्र के बिना मरीज चालू मानी जाएगी."

"यानी जिंदा?"

"जिंदा हमने कब कहा? चालू."

या भेदावर मी बसमध्ये बराच वेळ विचार केला. तो चुकीचा आहे असं मला अजूनही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

म्हणजे आता चिरगावला जाणं आलं. मृत्यूचा दाखला आणायचा, आणि विमलाबाईंच्या सांगण्याप्रमाणे दातही पोचवायचे. बकुळला विचारलं नाही. सकाळी ती गेल्यावर पुष्पाने केर काढायच्या निमित्ताने दात पितळी सांध्यातून सोडवले, पडलेला दात कसाबसा जागेवर चिकटवला आणि सगळं ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या जुन्या जेवणाच्या डब्यात ठेवलं. वरच्या पुडात फुटाण्यांची पुडी. कडी लावताना म्हणाली, "डबे अदलाबदल करू नका. एवढं तरी जपा."

कानपूरकडच्या बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो. खड्ड्याखड्ड्याला डबा आतून वाजत होता. कट्. शेजारच्या खेडूताने दोनदा डब्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "दद्दा, का है इमें?" "खाना," मी म्हणालो. पुढच्या खड्ड्यात डबा जरा जास्तच वाजला. तो उठून मागे जाऊन बसला.

चिरगावच्या कचेरीत कारकुनाने कागद मागितले. मरणाऱ्याचं ओळखपत्र, स्मशानाची पावती आणि दोन साक्षीदार, ज्यांनी पाहिलं असेल.

"क्या देखा हो?"

"मरते," तो म्हणाला. "हमारे यहाँ तो दर्ज ही नहीं है कि मरीं. आप घर जाकर गवाह ले आइए."

घर गावाच्या टोकाला होतं. वर सूर्य, खाली मी आणि डबा. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, त्यांचा गोडसर, डोकं जड करणारा वास सगळीकडे भरला होता. कुत्रं नाही, पोर नाही. पडवीच्या सावलीत एक म्हातारी खाटेवर बसली होती. डोक्यावरून पदर, चेहरा दिसत नव्हता.

"भानुमती देवी यहीं रहती थीं?" मी विचारलं.

म्हातारीने पदर आणखी पुढे ओढला. "हओ," ती म्हणाली. "रहती थीं."

"मैं झाँसी से आया हूँ. उनके जाने का बहुत दुख हुआ."

"हओ. हमें भी," ती म्हणाली.

"कब गईं?"

"होरी के बाद."

"क्या हुआ था?"

"कछू नईं. ऐसेई."

आवाज खोल, वाऱ्यासारखा. शब्द ओठांत सांडत होते. माझ्या पाठीवरचा घाम एकाएकी गार झाला. मी डबा उघडला, फडकं सोडलं आणि दात तिच्यापुढे धरले. "ये उनके थे. सोचा घर में रहें."

तिने पदर जरा वर केला आणि दातांकडे पाहिलं. इतक्या मायेने दातांकडे पाहणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मग सुकलेला हात पुढे आला, तिने वरची रांग उचलली आणि तोंडात घातली. मग खालची. कट्, असा आवाज आला. नेमका तो. आणि ती माझ्याकडे बघून हसली.

तेच हसू. खिडकीतलं. फक्त आता त्याला चेहरा होता.

मी मोहाच्या फुलांत बसलो. बसलो हा शब्द मी माझ्या सोयीने वापरतो.

"अरे दद्दा!" म्हातारी खाटेवरून उतरली. "बैठो, बैठो, तनक पानी पियो. हम मरे नईं हैं!"

पाणी प्याल्यावर तिने जे सांगितलं ते तिच्या बुंदेलीत फार छान होतं. माझ्या मराठीत तितकं उतरणार नाही. सहा महिने बसने जायचं, तोंड उघडायचं, मसाला भरायचा, वाळेपर्यंत थांबायचं. अम्मा कंटाळल्या होत्या. शेवटच्या खेपेला घाबरल्याही. पण बकुळ दर खेपेला हात धरून बसमधून उतरवायची, आधी स्वतःच्या हाताने पाणी पाजायची. "मोड़ी इत्ती भली है," अम्मा म्हणाल्या, "बाए मना कैसें करते? बुरो लगतो बाए. सो हमने फोन पे कहवा दई, मर गईं."

नाही म्हटलं तर मुलीला वाईट वाटेल, म्हणून मरून गेल्या. मी त्यांच्यावर रागवायला हवं होतं. पण हे मला इतकं ओळखीचं वाटलं की राग येईना. मी पत्थर चावतो असं कबूल केलंच होतं की.

"अम्मा," मी म्हणालो, "वो समझती है उसी के हाथ से आप मरीं."

त्यांचं हसू गेलं. दात राहिले. मग त्या उठल्या, आत गेल्या, धुतलेलं लुगडं नेसून आल्या. "चलो," म्हणाल्या. फुटाण्यांची पुडी त्यांनी आपणहून कनवटीला लावली.

झाशीला उतरलो तेव्हा दोन वाजत आले होते. वाटेत मी बकुळला फोन करत होतो, तो बंद लागत होता. कॉलेजात जावं की घरी, या विचारात आम्ही गल्लीत शिरलो, आणि खाली दारातच पुष्पा उभी होती. चेहरा उतरलेला. "अहो," ती हळूच म्हणाली, "दात तुमच्याकडेच आहेत ना?"

"अम्मांच्या तोंडात आहेत."

पुष्पाने अम्मांकडे पाहिलं, अम्मांनी सगळे दात दाखवले. पुष्पाने दाराची चौकट धरली. "मग वर काय वाजतंय?"

वर वाजत होतं. कट्. कट्. करर्र.

आतलं दार बंदच होतं. आम्ही मागच्या बोळातून गेलो, तिथून एक अरुंद जिना वरच्या खोलीला आहे. तो आम्ही वर्षानुवर्षं वापरत नाही. त्याच्या धुळीत पावलं उमटली होती. जाणारी आणि येणारी, रोजची. दार नुसतं लोटलेलं होतं.

बकुळ जमिनीवर बसली होती, खिडकीच्या खाली, पलंगाच्या आड, कट्ट्याला पाठ लावून. म्हणूनच ती झरोक्यातून दिसली नव्हती. अंगावर पांढरा कोट, मांडीवर हात. डोळे अर्धे उघडे होते, पण त्या डोळ्यांत ती नव्हती. ती झोपली होती. आणि झोपेत तिचा जबडा चालत होता, एका लयीत, दातावर दात, असा की तो आवाज एवढ्याशा मुलीच्या तोंडातून येतोय यावर विश्वास बसू नये.

दोन आठवडे ती कॉलेजात गेलीच नव्हती. समोरून जायची आणि मागून येऊन इथे बसायची.

आता मेलेली बाई एकदम समोर उभी करणं बरोबर की चूक, याचा मी विचार करतच होतो. अम्मांनी केला नाही. त्या जाऊन तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि गालावर हात ठेवला. "बिटिया."

आवाज थांबला. बकुळचे डोळे भरले, म्हणजे ती त्यांत परत आली. समोर मेलेल्या बाईचा चेहरा, तिने स्वतः बसवलेले दात लावलेला. मी दाराला धरून उभा होतो; आता किंकाळी येणार.

बकुळने खूप वेळ पाहिलं. मग बोट पुढे करून त्या पुढच्या वाकड्या दाताला लावलं. "अम्मा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "चुभ तो नहीं रहे?"

"तनक चुभत हैं," अम्मा म्हणाल्या.

मग बकुळ रडली. पुष्पाने मला बाहेर पाठवलं. ते योग्यच होतं, कारण मीही काही फार नीट उभा नव्हतो.

त्या संध्याकाळी मी शशिकांतला फोन केला. तो पुढच्या गाडीने आला. बकुळला त्याने मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, आठवड्यातून एकदा बोलायला जाणं सुरू झालं. परीक्षा द्यायची की सोडायची हे तिच्यावरच ठेवलं. ती म्हणाली, "अम्मा आल्या तर देईन." अम्मांनी एकच अट घातली, "दद्दा संग बैठहें." दद्दा म्हणजे मी.

परीक्षेचं दालन लांबलचक होतं. दोन रांगांत खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक बोळका म्हातारा किंवा म्हातारी, प्रत्येकाच्या उशाशी तोंड झाकलेलं एक तरुण माणूस. यंत्रांची घरघर, थंड हवेची घरघर. बाहेरगावचे परीक्षक रांगेतून येत होते. तेही मुखपट्टीमागे. फक्त डोळे दिसत, आणि डोळे लाल होते.

बकुळने मेणातले दात नव्याने बसवले होते. बोलताना ते अडत नाहीत ना हे पाहायला तिने अम्मांना म्हणायला लावलं, "छियासठ." अम्मा म्हणाल्या, "काए, छियासठ काए? हम तो अस्सी के हैं." बकुळला हसू आलं, मुखपट्टीवरून मला कळलं. मग परीक्षक जवळ आले आणि तिचे हात थरथरायला लागले.

"हाथ क्यों काँप रहे हैं?" परीक्षक म्हणाले. "इन हाथों से मरीज छुओगी?"

बकुळ हातातला आरसा खाली ठेवू लागली. मी तो आरसा बघत होतो. एकदा ठेवला की तो ती पुन्हा उचलणार नाही, हे मला कळलं.

तेवढ्यात वीज गेली.

सगळ्या घरघरी एकदम थांबल्या. पडदे ओढलेले, दालन काळपट झालं. आणि त्या शांततेत, उजवीकडच्या खुर्चीच्या उशाशी, आवाज आला. कट्. मग डावीकडे. करर्र. मग मागच्या रांगेत, मग लांब त्या टोकाला. म्हातारे तर सगळे आ वासून बसलेले. हा आवाज त्यांच्या उशाशी उभ्या असलेल्यांचा होता, पंचवीस-तीस मुखपट्ट्यांमागून येणारा, हळू, एका लयीत, आणि आपण तो करतोय हे त्यांतल्या एकालाही माहीत नसावं. सगळ्यात जवळचा आवाज माझ्या डोक्यावरून येत होता.

मी छत्तीस वर्षांत शांततेत कधी बोललो नव्हतो. "सर," मी म्हणालो, आणि तो आवाज माझा आहे हे कळायला मला वेळ लागला. "सर, सुनिए. ये सब दाँत पीस रहे हैं." पुढचं बोलायचं नव्हतं, पण आलं. "आप भी."

आवाज थांबले. सगळे, एकदम. ते जास्तच भयंकर होतं.

परीक्षकांनी मुखपट्टी खाली ओढली आणि स्वतःच्या जबड्याला हात लावला. दाढेपाशी दाबून पाहिलं, जसं ते दुसऱ्यांचं पाहत असतील. बराच वेळ. मग अंधाराला उद्देशून म्हणाले, "किस-किसको नींद नहीं आती?"

कोणी हललं नाही. मग एक हात वर झाला, हातमोज्यातला, पांढरा. मग दुसरा. त्या काळोखात माणसं दिसत नव्हती. नुसते पांढरे हात वर येत होते, पाण्यातून यावेत तसे. बकुळचा आला. शेवटी माझ्या शेजारून आणखी एक हात वर गेला, आणि तो परीक्षकांचा होता.

वीज आली. हात खाली गेले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

"पाँच मिनट बैठो," परीक्षक बकुळला म्हणाले. "पानी पियो. फिर दिखाना. जल्दी नहीं है."

पाच मिनिटांनी तिने दाखवलं. पास झाली. अम्मांनी पक्की कवळी लागल्याबरोबर कनवटीचे फुटाणे काढले आणि दालनाच्या पायरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असे खाल्ले.

घरी येऊन मी पुष्पाला परीक्षेची हकीकत सांगितली. थोडी वाढवून, कारण माझ्या आयुष्यात वाढवण्यासारखं फारसं घडलेलं नाही. ती ऐकून म्हणाली, "आता तुमचंही बघून घ्या."

"माझं काय?"

"दुपारी वरून एक आवाज यायचा, खालून एक. खुर्चीत डोळा लागला की तुमचा सुरू. चाळीस वर्षं ऐकतेय मी."

मी माझ्या सात दातांवरून जीभ फिरवली. "सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," पुष्पा म्हणाली. "आणि दिवसभर कोणाला काही बोलायचा नाहीत. म्हटलं, चावून टाकतात ते बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बकुळ खाली आली. आतल्या जिन्याने. तिने वाटीत गुलाबी पावडर कालवली. माझ्या सात दातांना झोपताना घालायची टोपी करायची म्हणाली. स्वतःची तिने आदल्या दिवशीच केली होती. "तोंड उघडा, काकाजी. नाकाने श्वास घ्या. बोलायचं नाही." ते मला जमतं. थंड मसाला टाळूला चिकटला. बकुळचे हात स्थिर होते, आणि तिने मुखपट्टी लावलेली नव्हती. ओठ जरासे उघडे, दात सुटे. पुष्पा शेजारी वाटी धरून उभी. बाहेर लू होती, गल्ली ओस होती, साडेबारा वाजले होते.

कट्.

माझं तोंड तर मसाल्याने भरलेलं. मी बकुळकडे पाहिलं, तिने पुष्पाकडे.

कट्. कट्. करर्र.

आवाज भिंतीतून येत होता. पलीकडे रघुनाथजी जेवून, पंखा लावून, घोडे विकून झोपले होते.

आम्ही तिघं बराच वेळ भिंतीकडे बघत राहिलो. मग बकुळने पावडरचा डबा पुन्हा उघडला.